अन्नपूर्णेची वाटी

लेकीला लग्नात दिलेली अंगठ्याएवढी अन्नपूर्णा आज तिच्या देव्हाऱ्यात तांदळाच्या वाटीत बसलेली दिसली, आणि मला माझी आई आठवली.

वडिलांचं काम सुटलं होतं, तांदळाचा डबा रिकामा होता. आईने तिच्या अन्नपूर्णेच्या वाटीतले तांदूळ काढून आम्हा मुलांना पेज केली. मग देवीला रिकाम्या वाटीत बसवत म्हणाली, "आपण दोघी एकाच माहेराहून आलो. आजचं मी बघितलं, उद्याचं तू बघ."

भक्ती मी पुष्कळ पाहिली, हा हक्क मात्र तिचाच.

दुसऱ्या दिवशी वडिलांना काम मिळालं. संध्याकाळी ते तांदूळ घेऊनच आले. आईला नवल वाटलं नाही. पहिली मूठ वाटीत ओतून ती देवीला म्हणाली, "हं, बस आता नीट."