घोट्यावरच्या दोन पट्ट्या

संघमित्रा वाव्हळ एकोणीस वर्षं देवनारच्या एका वस्तीत आरोग्य स्वयंसेविका होती. गरोदर बायकांची नोंद, बाळांचे डोस, टीबीच्या पेशंटनं गोळी घेतली की नाही, असं दारोदार विचारत फिरायचं. वस्तीतल्या संडासापुढे कायम रांग, म्हणून ती दुपारपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायची नाही.

बावन्नाव्या वर्षी लघवीची घाई सुरू झाली. लागली की दोन मिनिटंही थांबवत नसे. दिवसाला चौदा-पंधरा वेळा. कोणाच्या दारात उभी असतानाच सलवार भिजायची. मग ती पर्समध्ये दुसरी सलवार ठेवू लागली. नवऱ्याला, भीमराजला वाटलं शुगर वाढली असेल. तपासली, तर ती नॉर्मल. मग डॉक्टरांनी घाई कमी करायच्या गोळ्या दिल्या, पण त्यांनी घशाला इतकी कोरड पडायची की बोलणं मुश्कील, आणि तिचं तर कामच बोलण्याचं.

शेवटी हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंनी तिला फिजिओथेरपीत पाठवलं. तिथे गंधाली नावाची तिशीतली मुलगी होती. तिनं संघमित्राच्या घोट्याच्या आतल्या बाजूला एक पट्टी चिकटवली, दुसरी थोडी वर पोटरीकडे. मऊ, पातळ, पाय हलला तरी कातडीसोबत वळणाऱ्या. वायर मशीनला जोडली. पायाच्या या नसेचं आणि मूत्राशयाच्या नसांचं मूळ कमरेत एकाच ठिकाणी आहे, इथून हलका करंट दिला की तिकडची घाई शांत होते, असं गंधालीनं समजावलं. तळव्याला मुंग्या आल्या, अंगठा आपोआप आत वळला. अर्धा तास, दर गुरुवारी, बारा आठवडे.

पाच आठवड्यांत काहीच फरक पडला नाही. सहाव्या गुरुवारनंतर स्वयंसेविकांच्या ट्रेनिंगमध्ये सगळ्यांसमोर तिची खुर्ची ओली झाली. ती रिक्षा करून घरी आली आणि पुढचे दोन गुरुवार गेलीच नाही. भीमराजनं विचारलं तर म्हणाली, दमले.

गंधालीचा फोन आला.

"मावशी, खात्री देत नाही मी. पण ज्यांना फरक पडतो, त्यांना बऱ्याचदा उशिराच पडतो. अर्ध्यात सोडू नका ना."

हे शेवटचं वाक्य संघमित्रानं स्वतः एकोणीस वर्षं टीबीच्या पेशंटना ऐकवलं होतं. ऐकणाऱ्याला ते किती नकोसं वाटतं, हे तिला आज कळलं. तरी गुरुवारी ती गेली. उमेद वगैरे काही नव्हती, नाही म्हणायचा कंटाळा आला होता.

नवव्या खेपेनंतर एक दिवस सलवार बदलावी लागली नाही. बाराव्यानंतर मोजलं तर दिवसाला आठ वेळा. पूर्ण बरं नाही, महिन्यातून एकदा यावंच लागेल, असं गंधालीनं स्पष्ट सांगितलं.

त्याच सुमारास वस्तीतल्या द्रौपदीबाईंच्या घरी ती बीपी मोजायला गेली. बाई साठीच्या. दोन वर्षांत त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या, पुतणीच्या लग्नालाही नाही. गुडघे दुखतात, म्हणायच्या. पण खाटेवर प्लॅस्टिक अंथरलेलं होतं. ते संघमित्राला पूर्वी कितीदा दिसलं होतं, आणि तिनं कधी विचारलं नव्हतं.

ती खाली बसली. "बाई, मलापण होतं. माझीपण सलवार भिजते."

द्रौपदीबाई बराच वेळ प्लॅस्टिकची कड दुमडत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुमाला बी?"

पुढच्या खेपेला त्या दोघी रिक्षानं हॉस्पिटलला गेल्या. वाटेत दोनदा थांबावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी तपासून द्रौपदीबाईंनाही गंधालीकडे पाठवलं. मशीन एकच होतं, म्हणून संघमित्रानं बाईंना आधी आत पाठवलं आणि स्वतः बाहेर बाकावर टेकली. अर्ध्या तासानं गंधालीनं हाक मारली, तेव्हा ती भिंतीला डोकं लावून गाढ झोपली होती.