परकराला टाचण्या लावताना
डांबरगोळ्यांचा वास आला की मला सिंगापूरमधला पुंगोलचा आमचा फ्लॅट आणि तिथली एक संध्याकाळ आठवते. दुसऱ्या दिवशी लेकीच्या शाळेत रेशियल हार्मनी डे, म्हणजे वेगवेगळ्या वंशांमधल्या सलोख्याचा दिवस होता आणि सगळ्या मुलांनी आपापला पारंपरिक पोशाख घालून जायचं होतं. वरच्या मजल्यावरच्या पुण्याच्या ताई त्यांच्या मुलीचं जुनं, डांबरगोळ्यांच्या वासाचं परकर-पोलकं घेऊन आल्या होत्या आणि टाचण्या लावून परकर आखूड करत होत्या. बाई प्रेमळ, पण भेटल्या की "आडनावावरून काही कळत नाही हो, तुम्ही नेमक्या कुठल्या?" असं विचारायच्याच. त्यांना माझी जात हवी असायची आणि मी नागपूर सांगून विषय बदलायचे. तेवढ्यात लेक म्हणाली, "इथे पूर्वी चिनी आणि मलय लोकांत रेसवरून दंगल झाली होती. टीचर म्हणाली, घरी विचारा, आपल्याला कोणी असं वेगळं काढलं होतं का?" मी हातातल्या चहाच्या कपबश्या टेबलावर ठेवल्या. माझे वडील तेव्हा आमच्याकडे राहायला आले होते. मी त्यांना मानेनंच नको, नको म्हटलं. त्यांनी ते पाहिलं, तरीही ते शांतपणे म्हणाले, "हो बाळा. मला वर्गाच्या दाराबाहेर बसवायचे." "मग तुम्ही टीचरला का नाही सांगितलं, आजोबा?" "मास्तरच बसवायचे." ताईंनी उरलेल्या टाचण्या डबीत टाकल्या आणि "उशीर झाला" म्हणत त्या निघाल्या. चहा तसाच राहिला. त्यांना खरंच उशीर झाला होता का, हे मला कधीच कळलं नाही. लेकीच्या शाळेत निदान दंगलीबद्दल शिकवत होते. माझ्या शाळेच्या एकाही पुस्तकात ते दार नव्हतं. आजही कोणी आडनाव विचारलं की मला आधी तो वास येतो.