नकोची तालीम

“कारण सांगू नका,” हे आमच्या विज्ञानाच्या मॅडमचं ठरलेलं वाक्य. उशिरा आलेला मुलगा वर्गाच्या दारातच एसटीची, सायकलच्या चेनची आणि आजीच्या दवाखान्याची गोष्ट जुळवायला लागायचा. मॅडम हाताने बाक दाखवायच्या आणि म्हणायच्या, “कारण सांगू नका, बसा.” स्वतःलाही तोच नियम. आम्हा शिक्षकांच्या खोलीत चहा आला की कधी घ्यायच्या, कधी नुसतं “नको” म्हणायच्या. आता आपल्याकडे नुसतं नको कोणी ऐकून घेतं का? शुगर आहे का, रोजा आहे का, आमच्या चहातच काही खोट आहे का, अशी आमची खलबतं चालायची. त्या हसायच्या आणि वह्या तपासत राहायच्या.

त्या मूळच्या दौंडच्या, रेल्वे कॉलनीत वाढलेल्या. बदली होऊन शिरूर तालुक्यातल्या आमच्या गावी आल्या आणि सातवीचा वर्ग त्यांच्याकडे गेला. एके दिवशी एका मुलाच्या कंपासपेटीत त्यांना जाड, चकचकीत, पेनासारखी वस्तू सापडली. “हायलायटर हाय, मॅडम,” तो म्हणाला. हायलायटरला कलिंगडाचा वास येत होता. ती ओढून धूर सोडायची व्हेप, म्हणजे बॅटरीवरची सिगारेट होती. देशात बंदी असलेली वस्तू आमच्या गावापर्यंत बिनचूक पोचली होती. एसटी मात्र अजूनही वेळेवर पोचत नव्हती.

दुसरं कोणी असतं तर आधी दोन छड्या हाणल्या असत्या. मॅडमनी वर्गाचं दार लावून घेतलं आणि मुलांशी बोलत बसल्या. हळूहळू सगळं बाहेर आलं. तुम्हीही पाहिलं असेल, पारावर बसलेल्या माणसाची तंबाखू संपली की तो स्वतः उठत नाही. समोरून जाणाऱ्या पोराला हाक मारतो, “ए, पळ, पुडी घेऊन ये.” पोरगं पळतं. मोठ्यांचं ऐकणं हे चांगलं वळण समजलं जातं. शाळेच्या फाटकासमोरचा टपरीवाला या चांगल्या वळणाच्या पोरांना बक्षीस म्हणून व्हेपचा एक झुरका फुकट द्यायचा. पुढचे झुरके मग पोरांच्या खाऊच्या पैशांतून निघायचे.

“आजोबांच्या पुडीत जे विष आहे तेच यात आहे,” मॅडमनी वर्गाला सांगितलं. “फक्त कलिंगडाचा वास लावलाय.” फुप्फुसाचं चित्र काढून शिकवलं, निकोटिन मेंदूला कसं चिकटतं ते समजावलं. पण त्यांचा खरा धडा निराळाच होता. त्यांनी नको म्हणायची तालीम सुरू केली. ओढायला नको आणि कोणाची पुडी आणायलाही नको. डोक्याला माझा पंचा गुंडाळून, नसलेल्या मिशीला पीळ देत त्या खुर्चीत बसायच्या आणि पोरांना पुडी आणायला सांगायच्या. पहिला मुलगा म्हणाला, आज पाय दुखतोय. “मग उद्या आण,” मॅडम म्हणाल्या. दुसरी म्हणाली, आई रागावते. “आईला कोण सांगतंय?” कारण दिलं की समोरच्याला उत्तर सापडतं, एवढंच त्यांना मुलांच्या गळी उतरवायचं होतं. खिडकीबाहेर उभा राहून मी पोट धरून हसायचो.

गावाला मात्र हसू आलं नाही. पारावरच्या हाका वाया जायला लागल्या. पोरं उद्धट झाली, बाई त्यांना मोठ्यांचा अपमान करायला शिकवतात, अशी बोंब उठली. शाळा समितीचे अध्यक्ष आप्पा मोठे बागायतदार, गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे. त्यांनी बैठक बोलावली. तालीम बंद करायची आणि मॅडमना इथून हलवावं म्हणून वर लिहायचं, असं आधीच ठरलं होतं. मॅडम कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या गेल्या असत्या तर सातवीच्या पोरांना पुन्हा त्या टपरीच्या तोंडी दिल्यासारखं झालं असतं.

बोलता बोलता आप्पांनी सवयीने खिसा चाचपला. तंबाखू संपली होती. आप्पांची नात सातवीतच होती, तीच पाण्याचे पेले घेऊन आत आली. आप्पा तिला म्हणाले, “जा गं, पुडी घिऊन ये.”

“न्हाई आणणार, आप्पा,” ती म्हणाली.

आप्पा पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. ते आलंच नाही. तिने पेला त्यांच्यापुढे ठेवला आणि तिथेच उभी राहिली. रागारागाने आप्पा उठले, चपला घातल्या आणि कित्येक वर्षांनी स्वतः टपरीवर गेले. मधली सुट्टी होती. टपरीमागे गणवेशातली दोन पोरं धूर सोडत होती आणि टपरीवाला तिसऱ्याच्या हातात नवी व्हेप देत होता.

आप्पा परतले ते पुडी न घेताच. चपला काढून जागेवर बसले. मग म्हणाले, “मॅडम, तुमचं चालू द्या. टपरीचं मी बघतो.” आठवडा सरायच्या आत फाटकासमोरची जागा मोकळी झाली. त्या दिवशी मॅडमनी दोन कप चहा घेतला. आम्ही कारण विचारलं नाही.

आप्पांची तंबाखू सुटली असं मी म्हणणार नाही. पण आणायला स्वतः चालत जावं लागायचं, म्हणून कमी झाली. हायलायटरवाल्या मुलाला मॅडम त्याच्या वडिलांसोबत शिरूरला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. महिनाभर तो सगळ्यांवर चिडायचा, मॅडम त्याचा राग ऐकून घ्यायच्या. पुढे कबड्डीच्या सामन्यात एका दमात तीन गडी बाद करून तो मध्यरेषेवर परतला, तेव्हा आमच्या शांत मॅडम खुर्चीवर चढून ओरडत होत्या. मी मास्तर माणूस, पण मीही शिट्टी मारली. इतका आनंद मला स्वतःच्या बढतीचाही झाला नव्हता.

पुढे मॅडमची दौंडकडे रीतसर बदली झाली. त्याला काही वर्षं झाली. परवा शाळेत पाहुणे आले होते. त्यांचा ड्रायव्हर गाडीला टेकून उभा होता. त्याने खेळणाऱ्या एका मुलीला हाक मारून पुडी आणायला सांगितली. मुलगी तिसरीतली, मॅडम गेल्या तेव्हा ती शाळेतही आली नव्हती. तिने मान हलवली आणि पुन्हा खेळायला गेली. मी तिला जवळ बोलावून विचारलं, हे तुला कोणी शिकवलं.

ती माझ्याकडे नवलाने बघत म्हणाली, “कुणी न्हाई, सर. आमच्या गावात आणत न्हाईत.”