परांचीला जागा

"एक बांबू जरी माझ्या अंगणात टेकला, तर केस टाकीन!"

सलीमभाईंचे शेजारी नाना कुंपणाशी उभे राहून ओरडत होते. मोबाईल यायच्या आधीचं महाड, मे महिना. सलीमभाईंची मागची भिंत दोन घरांच्या हद्दीवर. मी गवंडी, काम मी घेतलेलं. प्लास्टर करायचं तर परांची, म्हणजे बांबूंचं मचाण, नानांच्याच अंगणात लागणार. पावसाआधी काम झालं नाही, तर ओल धरलेली भिंत बसणार.

नाना रिटायर सर्व्हेअर. कापडे या माझ्या गावी शेताचा बांध याच गृहस्थाने मोजणीत दोन फूट आत सरकवला होता. त्यामुळे माझं डोकं आधीच तापलेलं.

वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, "दुसऱ्याच्या जमिनीचा ठरावीक वापर करायच्या हक्काला ईझमेंट म्हणतात. कागद दाखवा, नाहीतर वीस वर्षांची उघड वहिवाट सिद्ध करा."

"साहेब, पाऊस वीस दिवसांवर आलाय."

जमिनीला पाय लावायचा नाही ना? नाही लावत. गच्चीच्या कॉलमला दोराचा वेढा दिला, टोक गड्यांच्या हाती ठेवलं, फळीचा झोपाळा केला आणि थापी घेऊन स्वतःच बसलो.

"वरची हवापण माझीच हाय!" नाना खालून गरजले. कायद्याने म्हातारा बरोबर होता.

वर दोर धरलेल्या पोलादपूरच्या गड्यांना हसू आवरेना. दोर सुटला. मी सर्रकन खाली आलो तो नानांच्या बायकोने, काकूंनी, अंगणात वाळत घातलेल्या कुरडयांच्या वर वीतभर थांबलो.

"मेल्या, पाय वर घे!"

"घेतले, काकू!"

पाय पोटाशी धरून मी गरगर फिरू लागलो. झोपाळा कोपऱ्यापलीकडे गेला आणि नानांच्या न्हाणीची भिंत दिसली. तिची बाहेरची बाजू थेट सलीमभाईंच्या परसात, वरपासून खालपर्यंत तडकलेली.

"नाना, ही भिंत कुठून दुरुस्त करणार?"

जन्मभर हद्दी मोजलेला माणूस कुंपणावरून वाकून भिंत बघू लागला.

सलीमभाई गच्चीवरून म्हणाले, "नाना, इकडची हवा माझी हाय बरं का!"

"अहो, द्या की जागा," काकू म्हणाल्या. "मी काय आंघोळ अंगणात करू?"

स्टँपपेपरवर लिहिलं: दुरुस्तीसाठी दोघांनीही एकमेकांच्या जागेत परांची उभारू द्यावी. नानांची अट, कुरडया वाळल्यावर. माझी अट, माझा बांध पुन्हा मोजून द्यायचा.

पावसाआधी दोन्ही भिंती झाल्या. नाना कापड्याला आले, मोजणी केली. बांध बरोबर निघाला. उलट माझ्याच दोन केळी शेजाऱ्याच्या हद्दीत.

टेप त्यांचाच होता, म्हणून मला ते अजून मान्य नाही. पण तेव्हापासून काम घेताना मी शेजाऱ्याची भिंत आधी बघून येतो. आणि स्वतःचा बांध मोजायला कुणाला बोलावत नाही.