बाई पायरी उतरता कामा नये

साताऱ्याच्या कचेरीत मी आयुष्यभर एका लुकलुकणाऱ्या ट्यूबखाली टिपणं लिहिली. तिची तक्रार करावी असं कुणाच्या मनात आलं नाही. ती आमच्या आधीपासून नोकरीत होती. मी रिटायर झालो आणि भाच्यानं, म्हणजे सुहासनं, कराडला एलईडी दिव्यांचं दुकान काढलं. आता दुपारभर मी तिथं बसतो. उजेड पाडणं उतारवयात नशिबी आलं!

घरातला बल्ब गिऱ्हाईक उभ्याउभ्या घेऊन जातं. पण लॉज, हॉटेल, कार्यालय बांधणारा माणूस दिवे निवडायला आला की सोबत मेहुणा, इंजिनिअर आणि गावभरची मतं घेऊन येतो. प्रत्येक जण जाताना मागे एक किस्सा ठेवून जातो. दुकानात माल नसला तरी हा स्टॉक कधी संपत नाही.

फक्त स्टॉकवर भागत नाही. सुहासनं पुण्याची नोकरी सोडलेली. त्याच्या वडिलांनी, आमच्या दाजींनी, बजावून ठेवलं होतं, "दिवाळीपतुर एक मोठी ऑर्डर आण. न्हाईतर शटर वढ आणि पुण्याची गाडी धर." मोठी ऑर्डर गावात एकच होती, बबनशेठचं तीन मजली नवं साडी सेंटर. शेठ विचार करत होते. तोवर आम्ही बाकीच्यांना उजेड दाखवत होतो.

*

उंब्रजजवळ हायवेला एका रिटायर सुभेदारांचं लॉज आहे. वीज वाया घालवणं ही त्यांच्या मते गद्दारी. त्यांनी संडासात सेन्सरचे दिवे बसवून घेतले. माणूस हलला की दिवा लागतो, स्थिर झाला की विझतो. आता त्या जागी माणूस स्थिरच असतो, हा विचार ना सुभेदारांनी केला ना सुहासनं.

पहिल्याच सकाळी एक व्यापारी आतून ओरडायला लागला, "अहो, लाइट गेली!"

"हात हालवा!" बाहेरून सुभेदार.

"हालवतोय की!"

"दोनी हालवा!"

सुहास म्हणाला, दिवा लागून राहायची वेळ वाढवून देतो. सुभेदारांनी साफ नकार दिला आणि आतून पाटी लावली, 'बसलेल्यांनी अधूनमधून हात हलवावेत. हुकुमावरून.'

परवा एक मुक्कामी ड्रायव्हर निघताना त्यांना म्हणाला, "सुभेदार, तुमच्याकडं उतरल्यापास्नं माझा खांदा लय मोकळा झाला बगा!"

*

एका हॉटेलवाल्यानं टेबलावर लटकणारे पिवळेजर्द दिवे घेतले. त्या उजेडात रस्सा असा लालभडक दिसायचा की बघूनच घाम फुटावा. मालक हुशार. त्यानं हळूहळू मिरची कमी केली.

महिन्याभरानं कडेगावचा एक पैलवान भुरका मारून थांबला. वर दिव्याकडं बघितलं, खाली वाटीकडं बघितलं.

"मालक, मसाला समदा दिव्यालाच घातलाय व्हय? रश्शाला जरा ठिवायचा की!"

*

कडेगावलाच एक मंगल कार्यालय. मालकाची मागणी एकच, "लय उजेड पायजे!" सुहासनं परोपरीनं सांगितलं की एवढा पांढरा उजेड ऑपरेशन थिएटरला शोभतो. मालक ऐकेना. हॉलमध्ये पांढरेशुभ्र दिवे बसले. नवरीच्या खोलीत मात्र जुने पिवळे तसेच राहिले.

पहिल्या लग्नात ब्यूटिशियननं त्या पिवळ्या उजेडात मेकअप केला. तिला रंग काही उठेना, म्हणून ती थर देत गेली. नवरी स्टेजवर आली ती पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी. मंगलाष्टकं म्हणणाऱ्या गुरुजींचा सूर हलला.

नवऱ्याची आत्या उठून उभी राहिली. "आवं, आमी बगून पसंत केली ती सावळी हुती! ही कोन हाय?"

नवरीनं सगळ्यांदेखत तोंड धुतलं, तेव्हा अंतरपाट खाली आला.

मालकानं दुसऱ्या दिवशी सुहासला फोन केला. "हॉलचे दिवे ऱ्हाऊ देत. भाईर एक नळ वाढवून घेतलाय."

*

शेवटी बबनशेठ तयार झाले, पण अट घालून. त्यांचं दुःख जुनं होतं. साडी पसंत पडली की बायका ती उचलून पायऱ्या उतरून रस्त्यावर नेतात, उन्हात धरून खरा रंग बघतात. आणि बघता बघता समोरच्या साडीच्या दुकानाकडंही बघतात!

"पोरा, बाई पायरी उतरता कामा नये," शेठ म्हणाले. "उतरली तर दिवे काढून न्यायचे. न्हाई उतरली तर वरचे दोन मजले तुझे."

सुहासनं तळमजल्यावर उन्हासारखा रंग दाखवणारे दिवे बसवले. आत धरलेली साडी आणि बाहेर धरलेली साडी यांत तसूभर फरक नाही. मी स्वतः मोरपंखी पदर घेऊन आत-बाहेर करून पाहिलं. रस्त्यावरचे लोक हसले, पण फरक नव्हता.

पहिलाच बस्ता आटपाडीचा आला. नवरीकडच्या बायका, नवऱ्याकडच्या बायका, गादीवर साड्यांचा ढीग. नवऱ्याकडच्यांनी पसंत केलेली डाळिंबी साडी नवरीच्या मावशीनं दिव्याखाली धरली.

"रंग काय झ्याक दिसतोय गं!"

सुहासनं माझ्याकडं पाहून श्वास सोडला. तेवढ्यात मावशी साडी घेऊन उठली आणि नवरीकडच्या चार जणी तिच्यामागून सरळ पायऱ्या उतरून रस्त्यावर!

सुहास धावला. "मावशी, रंग आत-बाहेर एकच आहे हो!"

"व्हय की. मी कुटं न्हाई म्हनतीया?"

"मग बाहेर कशाला?"

"येडा हाईस का रं? नवऱ्याकडच्या आत बसल्यात. त्यास्नी पसंत पडल्याली साडी भिकार हाय, हे त्यांच्या म्होरं सांगू व्हय?"

सुहासनं आत येऊन हे शेठना सांगितलं. शेठ ढिम्म. "बाई उतरली का न्हाई? मग दिवे उतरव."

सुहास शिडी लावून वर चढला. ते बघून गल्ल्यावर बसलेल्या शेठच्या बायकोला, काकूंना, कळवळा आला.

"आवं, चांगला उजेड हाय की! दिव्याचा काय दोष?" असं म्हणत त्यांनी ढिगातली एक जांभळी साडी ओढली, दिव्याखाली धरली. "बगा, किती खुलून दिसतीया. ही मला बाजूला ठिवा."

"बग," शेठ सुहासला म्हणाले, "ही उतरली का? बाईला अक्कल पायजे!"

काकूंनी साडी खांद्यावर टाकली, शेजारी बसलेल्या जावेला खूण केली, आणि दोघी पायऱ्या उतरून रस्त्यावर गेल्या.

शेठ दारापर्यंत धावले. "अगं, आपलंच दुकान हाय!"

"म्हनून तर!" काकू रस्त्यावरून म्हणाल्या.

 शेठ मागं न बघताच म्हणाले, "सुहास, शिडी तशीच वरच्या मजल्यावर घे."