चादरींचा मजला

आमच्या घराला वरचा मजला आहे, ही बातमी आम्हाला घरपट्टीच्या बिलातून कळली. वाढीव बांधकाम, पक्कं छत, सगळी गच्ची व्यापून. आई बिल हातात घेऊन जिना चढली, चारी कोपरे बघून खाली आली आणि म्हणाली, "अगं, मला काही सापडत नाहीये तो मजला. तू बघतेस का?"

ती चिडली की अशी गोड बोलते. मी चिडले की भांडी आपटते. त्या दिवशी दोन्ही झालं.

आईची लॉन्ड्री आहे, म्हणजे पाटी नाही, दुकान नाही. खाली दोन खोल्यांत आम्ही दोघी, मागे मोरीला लागून मशीन, वर गच्ची. वडील गेल्यापासून बावीस वर्षं ती दोन प्रसूतिगृहांच्या चादरी धुते. दोरीवर टांगलेल्या चादरीला मधोमध वळ पडतो, तो इस्त्रीनेही जात नाही, असं तिचं ठाम मत. म्हणून तिने गच्चीभर कमरेएवढे पाइप रोवलेत, त्यांवर आडव्याउभ्या दोऱ्या आवळल्यात आणि चादरी त्यांवर सपाट पसरते, कडेला कड लावून. "बाळंतिणीच्या पाठीखाली सुरकुती नको," म्हणते. चिमटे लावताना तिला कुणी हाक मारली तर त्याची खैर नाही.

पालिकेने त्या वर्षी घरोघर टेप घेऊन माणसं पाठवणं बंद केलं आणि विमानातून फोटो काढले. वरून काय दिसणार? पांढरं, सपाट, चौकोनी. झालं छत!

आईने हरकतीचा अर्ज लिहिला आणि कर विभागात खेटे घालायला सुरुवात केली. तिथल्या कारकुनाला आम्ही 'होऊन जाईल' म्हणायचो, कारण तो प्रत्येक माणसाला तेच सांगायचा. टेबलावर फायलींचा ढीग, त्यावर त्याचा डबा, आणि पंखा फक्त त्याच्याच डोक्यावर. तिसऱ्या खेपेला मीही बरोबर होते.

"ताई, मला पटतंय हो तुमचं," तो म्हणाला. "पण कॉम्प्युटरमध्ये 'मजला नव्हताच' असं भरायला जागाच नाही. 'मजला पाडला' असं भरता येतं. तुम्ही लिहून द्या, विनापरवाना बांधलेला मजला स्वतः पाडला म्हणून. होऊन जाईल."

"जे बांधलंच नाही ते पाडलं, असं लिहून देऊ?" आई म्हणाली. "तुम्ही या ना बघायला. सतराच पायऱ्या आहेत."

"आता कुणी जागेवर जात नाही, ताई. वरून आदेश आहे."

"वरूनच सगळं चाललंय तुमचं!" मी ओरडले. रांगेतले लोक हसले. तो नाही हसला.

वाढीव कर भरणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं आणि न भरल्यास नळ तोडणार, असं बिलाखालीच छापलं होतं. नळ गेला की लॉन्ड्री गेली. आईचं एकच, "तोडू देत. मी खोटं लिहून देणार नाही." माझ्या डोक्यात तिडीक गेली. नळ तोडल्यावर चादरी काय हिच्या तत्त्वात धुणार? रागारागात मी दुसऱ्या दिवशी एकटी गेले आणि 'मजला पाडला' असं लिहून खाली आईची सही ठोकून आले. शाळेतल्या प्रगतिपुस्तकापासून ती सही मला येते.

महिन्याभरात दुरुस्त बिल आलं. मजला गायब. आई इतकी खूश झाली की गल्लीभर बिल दाखवत फिरली. "ठाम राहिलं की ऐकतात गं," मला म्हणाली. मी मान हलवली. खरं सांगायचं तेव्हाच होतं.

पुढच्या वर्षी विमान पुन्हा आलं. चादरी होत्याच. या वेळी बिल नाही, सरळ नोटीस: पाडलेलं अनधिकृत बांधकाम पुन्हा उभारलं, नळ का तोडू नये ते सुनावणीला येऊन सांगा. सोबत गेल्या वर्षीच्या कागदाची प्रत. आईने ती खिडकीशी धरून वाचली. मग स्वतःच्या बोटांकडे बघितलं. ब्लीचने ती इतकी फाटलीत की तिची सही हल्ली वाकडीतिकडी येते. कागदावरची अगदी सरळ होती.

"कधी केलीस?" एवढंच विचारलं. मी सगळं सांगितलं. ती उठून वर गेली आणि चादरी काढायला लागली.

सुनावणीला मोठे साहेब होते. त्यांनी कागद पुढे सरकवला. "ही सही तुमची?"

नाही म्हणाली असती तर मी खोट्या सहीच्या गुन्ह्यात अडकले असते. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

"माझीच."

"म्हणजे बांधकाम होतं. मग पाडून परत बांधलंत?"

"हो. रोज सकाळी बांधते," आई म्हणाली. तिचा आवाज इतका चढला की बाहेरचा शिपाई आत डोकावला. "दुपारी पाडते. इस्त्री करते, घडी घालते आणि मजला कपाटात ठेवते! लिहा. सगळं लिहा!"

साहेबांनी खरंच लिहिलं. 'बांधकामाची कबुली दिली.' पुढचं काहीच लिहिलं नाही. मी मध्ये बोलायला गेले तर आईने टेबलाखाली माझं मनगट असं दाबलं की वळ उठला.

त्याच आठवड्यात दोन माणसं आली आणि आमची नळजोडणी तोडून, पाइपाच्या तोंडाला बूच ठोकून गेली. गल्लीच्या टोकाला सार्वजनिक नळ आहे, तो पहाटे तासभर चालतो. त्यांची पाठ फिरली तशी आई मोरीत गेली, दोन बादल्या उचलल्या आणि माझ्या पुढ्यात आदळल्या.

"सही तुझी ना? मग पाणीही तूच आण. चादरी मी धुते."