पडद्यामागून पाहिलेला खून

काळ्या-पांढऱ्या गुप्तहेरपटांवर हल्ली शहाणे लोक फार शहाणपणाने बोलतात. सावल्या, धूर, खिडकीच्या पट्ट्यांतून तोंडावर पडणारा उजेड, सगळं त्यांना पाठ. मी ऐकून घेते. मग सांगते, की असला चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो पडद्याच्या मागच्या बाजूने, आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

आमचं गाव कुंडलच्या अलीकडे. सत्तरच्या दशकात जत्रेला तंबूतला सिनेमा यायचा. मधोमध पांढरं कापड ताणायचे, त्यावर पाणी मारायचे, म्हणजे चित्र आरपार उमटायचं. पुढे पुरुष, मागे बाया. रीतच तशी होती, आणि रीत कुणी घातली हे विचारायची रीत नव्हती. त्या वर्षी देवादिकांच्या चित्रपटाच्या पेट्या आल्याच नाहीत. तंबूवाल्याने हाताशी होता तो इंग्रजी खुनाचा चित्रपट लावला. गावात इंग्रजी येणारे म्हणजे माझे थोरले चुलते. लष्करात हवालदार होते, लढाईत इटलीपर्यंत जाऊन आलेले. ते पडद्याशेजारी खुर्चीवर उभे राहिले आणि खणखणीत आवाजात सगळं मराठीत सांगू लागले. माझं सांगलीला कॉलेजचं पहिलं वर्ष नुकतंच संपलं होतं, पण मला कोण विचारतंय?

गोष्ट साधी होती. हॅटवाल्या गुप्तहेराकडे एक देखणी बाई येते आणि माझ्या नवऱ्याचा खून कुणी केला ते शोधा म्हणते. शोध घेता घेता शेवटी तो तिलाच पोलिसांच्या हवाली करतो. कारण गोळी डाव्या हाताने झाडलेली, आणि ही बाई काडी पेटवते तीही डाव्या हाताने. चुलत्यांनी हे सांगितलं मात्र, आमच्या बाजूला कालवा झाला. आम्ही तर तिला उजव्या हाताने काडी पेटवताना पाहिलं होतं. निष्पाप बाईला धरून नेलं म्हणून बायांनी त्या गुप्तहेराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

दुसऱ्या दिवशी चुलते पारावर बसून हसत होते. "मागनं बघनाऱ्याला समदं उलटंच दिसतंय. असल्यांना शिकवून तरी काय उपेग?" हा शेवटचा टोला माझ्या वडिलांना होता. माझं कॉलेज सोडवून लग्न उरकावं, असा चुलत्यांचा हट्ट होता, आणि थोरल्या भावाचा शब्द वडील मोडत नसत. माझं डोकं फिरलं. मागे तुम्हीच बसवता आणि उलटं दिसतं म्हणून तुम्हीच हसता, आज मी पुढे बसून बघणार, असं मी तोंडावर सांगितलं. वडील आवाज न चढवता म्हणाले, "पुढं बसलीस, तर सांगलीचं नाव काढायचं न्हाई."

त्या रात्री तोच चित्रपट पुन्हा लागला आणि मी पुढे बसले. भोवतालचे बाप्ये सरकले आणि मला ऐसपैस जागा मिळाली.

चुलते खरंच बोलले होते, बाई डावखुरीच होती. ते मी मुकाट मान्य केलं. पण पुढून त्या गुप्तहेराचा चेहराही नीट दिसला. ती त्याला आवडलेली होती आणि तरीही तो पोलिसांना फोन लावत होता. आपल्याकडे नायक जिंकला की गुलाल उधळतात. हा जिंकला आणि सुतक असल्यासारखा बसला. मला तो चित्रपट तिथेच आवडला, जन्मभरासाठी आवडला. मग ती बाई हळू आवाजात बोलू लागली. बराच वेळ बोलली. चुलत्यांनी एवढंच सांगितलं, की ती म्हणते माझी चूक झाली.

ती तसं मुळीच म्हणत नव्हती. माझं इंग्रजी काही फर्डं नव्हतं, पण तेवढं कळायला पुरेसं होतं. मी उठले आणि पडद्यापलीकडे जाईल अशा आवाजात म्हणाले, "ती म्हनतीया, लगीन झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासनं नवरा मला मारत हुता. शेजारपाजारच्या समद्यांना म्हाईत हुतं. कुनी बोललं न्हाई."

चुलते म्हणाले, खाली बस. मी म्हणाले, "तात्या, मी खोटं सांगितलं आसंल तर तसं म्हना." त्यांनी तसं म्हटलं नाही. पुढच्या दृश्यांचं मराठीही त्यांनी केलं नाही, आणि पडद्यामागून कुणी ते मागितलंही नाही. तिथे तात्यांची बायको, माझी चुलती बसली होती. तिच्या पाठीवरचे वळ आमच्या आळीने नदीवर धुणं धुताना कितीदा पाहिले होते, आणि त्यावर कुणी चकार शब्द काढत नसे.

वडिलांनी शब्द पाळला. सुट्टी संपली, कॉलेज उघडलं, माझी ट्रंक बाजेखालीच राहिली. मी जेवण सोडून पाहिलं, भांडून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. मग एका सकाळी चुलती आमच्या घरात आली. कुणाशी काही न बोलता तिने ट्रंक ओढून डोक्यावर घेतली आणि मला चल म्हणाली. आडवाटेने नाही, थेट पारावरून निघाली. पारावर गावकऱ्यांच्या घोळक्यात चुलते आणि वडील शेजारी शेजारी बसले होते. कुठं निघालीस, असं चुलत्यांनी दरडावून विचारलं.

चुलती थांबली. डोक्यावरच्या ट्रंकेला हात तसाच ठेवून म्हणाली, "पोरीला यष्टीत बसवून येते. आन् आवं, परत माझ्या अंगाला हात लावू नगा. आता समद्या गावानं ऐकलंय."

चुलते उठले नाहीत. वडीलही उठले नाहीत. मी सांगलीला गेले.